एक बोट कळस

डोंग्याच्या मागच्या टोकाला पाट ठोकलेली रामाजीची बसायची जागा होती. तिच्यावर त्याच्या बायकोने, धुरपताने, धुतलेलं धोतर घडी घालून ठेवलं होतं आणि ते उडू नये म्हणून वर नदीतला गोटा ठेवला होता.

"इथं कोणी बसायचं नाई," ती बाबारावला म्हणाली. "त्याची जागा मोडली तं थो येईन कुठं?"

नदीकाठच्या धिवरांच्या त्या आठ-दहा घरांत ही जुनी रीत होती. पाण्यात गेलेला माणूस सापडेपर्यंत त्याची डोंग्यातली जागा रिकामी ठेवायची. त्या जागी कोणी बसलं की माणूस गेला असं ठरलं. त्याआधी बाईच्या हातातल्या बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही, चूल बंद करायची नाही, रडायचंसुद्धा नाही. धुरपता तीन दिवस रडली नव्हती. सकाळी तिने रामाजीच्या वाटणीच्या दोन भाकरी थापल्या होत्या.

यशोदाने ते धोतर पाहिलं आणि नजर डोहाकडे वळवली.

ती रामाजीची एकुलती एक मुलगी, सिंदीच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. काल दुपारी वर्गावर असताना तार आली होती. पुलगावला गाडीतून उतरून ती रात्र तिने फलाटावर काढली आणि उजाडताच कोसभर बैलगाडीने, कोसभर पायी अशी वर्धा नदीच्या काठाला आली. वाटेत तिने एकच गोष्ट केली होती. बापाने शिकवलेली जोडी, डोहातली जागा ओळखायच्या खुणा, मनातल्या मनात म्हटली होती, पुन्हा पुन्हा, पाढे म्हणावेत तशी.

डोहाचं नाव सातखाट्या. सात बाजांची सुतळी जोडून सोडली तरी तळ लागत नाही, म्हणून सातखाट्या. उन्हाळ्यात बाकीची नदी गुडघाभर होई, पण हा डोह काळाच राही. त्याच्या मध्याच्या जरा पलीकडे पाण्याखाली खडकाचं छत होतं आणि त्या छताला एक गोल भोक होतं. भोकाच्या आत खडक कोरून रांजणासारखी पोकळी झाली होती. रामाजी तिला रांजणच म्हणे. मोठे मासे उन्हाळाभर तिथे राहत. भोकाच्या बरोबर वर डोंगा उभा केला तर माणूस दगड धरून सरळ आत उतरे आणि सरळ वर येई. डोंगा डोंग्याभर इकडे झाला तर माणूस छताच्या कडेवरून खाली घसरे, आणि वर यायला लागला की डोक्यावर पाण्याऐवजी दगड लागे.

पाण्यावर रेघ मारून ठेवता येत नाही. म्हणून जोडी. पलीकडच्या अमरावतीकडच्या काठावर हत्तीच्या पाठीसारखा काळा खडक होता आणि त्याच्या मागे दुबेळक्याची, खोडाला दोन फांद्या फुटलेली बाभूळ. बाभळीचं दुबेळकं बरोबर खडकाच्या मधोमध आलं की नदीच्या लांबीत जागा सापडली. आता रुंदीत. त्यासाठी अलीकडे, आपल्या काठाकडे पाहायचं. उंच दरडीच्या मागे महादेवाचं देऊळ. काठाजवळ असलं तर देऊळ दरडीआड जाई, दूर गेलं की हळूहळू कळस वर निघे. कळस दरडीवर एक बोट दिसला की थांबायचं.

"एक बोट कळस," रामाजी सांगे. "दोन नाई, अर्धं नाई. एक."

प्रत्येक घराच्या अशा जोड्या असत आणि प्रत्येक घर त्या लपवून ठेवी. रामाजीला मुलगा नव्हता. त्याने जोडी यशोदाला दिली. ती नऊ वर्षांची होती तेव्हापासून सातवी पास होऊन वर्ध्याला ट्रेनिंगला जाईपर्यंत दर उन्हाळ्यात तो तिला डोहावर आणी, तिला आपल्या जागेवर बसवी, स्वतः पाण्यात उतरून एका हाताने डोंगा धरी आणि म्हणे, लाव. तिने डोंगा लावला की तो खाली बुडी मारून पाही. जागा चुकली की वर येऊन नुसता हसे.

त्यानंतर ती दहा वर्षं डोंग्यात चढली नव्हती.

"परवा सकाळी आमी दोघंच होतो," बाबाराव सांगत होता. तो रामाजीचा जोडीदार, साठीचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "रांजणात जाळं अडकलं होतं. थो म्हणे, काढून आणतो. दोर माह्या हातात. दोन डाव गेला, दोन डाव आला. तिसऱ्या डावी दोर हलका झाला, पोरी. ओढला तं फास रिकामा. त्यानंच सोडला असन आतमंदी, अडकला म्हणून. मी आरडलो, पाण्यात हात मारले. तेवढ्यात नांगराचा दगड सुटला अन् डोंगा वाहत गेला. कुठून सुटला, थे मले दिसत नाई. मले आता तुहं तोंडबी दिसत नाई."

"काका, असू द्या."

"असू द्या कसं? सगळ्या गावानं गळ टाकले. डोह खरवडून काढला. तुही माय म्हणे, यशोदीले ठावं हाय, यशोदीले बलवा."

खालच्या गावाहून प्रेमदास आला होता, चाळिशीचा, काळा, छातीचा भाता रुंद. आसपासच्या दहा गावांत बुडालेलं वर काढायला त्यालाच बोलवत. तो काठावर उकिडवा बसून बोटाने पाणी ढवळत होता.

"हे पाह्यलं का?" तो म्हणाला.

पाण्यावर बारीक फेस होता आणि फेसात पळसाची वाळलेली पानं. यशोदाला कळलं, पण तिने विचारलंच. "म्हणजे?"

"वर आर्वीकडं दोन दिवस गारा पडून राह्यल्या. लोंढा निघाला असन. दुपारपर्यंत हे पाणी गढूळ होते, संध्याकाळी डोह अन् नदी एक. मंग तुमचे वडील कुठं जातीन, थे देवालेबी सांगता येणार नाई." तो उठला, कासोटा घट्ट केला. "मी एका अटीवर जातो. जागा बरोबर पायजे. मास्तरीणबाई, शाळेत चूक झाली तं पोरीले छडी. इथं चूक झाली तं माही बायको तुमच्या दारात येऊन बसन."

"माझी चूक होणार नाही," यशोदा म्हणाली. तिचे तळवे ओले झाले होते. ते तिने पदराला पुसले.

"असं म्हणू नका. असं म्हणणारे मले आवडत नाईत. नीट लावतो म्हणा."

"नीट लावते."

धुरपता गुडघाभर पाण्यात येऊन डोंग्याला धरून उभी होती. तिने मुलीकडे पाहिलं नाही. धोतरावरचा गोटा तेवढा पुन्हा दाबून बसवला.

डोंगा निघाला. पुढच्या टोकाला वल्हं घेऊन बाबाराव, मध्ये प्रेमदास, त्याच्या पायाशी दोर, दगड, कोयता आणि आकडे. मागची जागा रिकामी. यशोदा प्रेमदासच्या पाठीशी उभी राहिली, बांबूचा आधार घेऊन.

"उभीच राह्य," बाबाराव म्हणाला. "उभ्यानं लांबचं नीट दिसते."

लहानपणी तिला पाण्याची भीती कधी वाटली नव्हती, कारण पाण्यात बाप असे. आताही पाण्यात बापच होता. हा विचार तिने पूर्ण केला नाही. काठ मागे गेला, पाण्याचा रंग हिरव्याचा काळा झाला आणि खालून थंड हवा आल्यासारखी पावलं गार पडली.

"काका, धारेने खाली, खाली. बस. आता थोडं वर."

बाभळीचं दुबेळकं सरकत सरकत काळ्या खडकाच्या मधोमध आलं. दहा वर्षांत बाभूळ वाढली होती, पण दुबेळकं तेच होतं. तिने मान वळवली. दरडीवर कळसाचं टोक दिसत होतं, नुसतं टोक. "पलीकडे. अजून." कळस वर निघाला. तिने हात लांब करून बोट आडवं धरलं, वडील धरत तसं. बोट आणि कळस बरोबर.

"इथं," ती म्हणाली.

"नक्की?"

तिने पुन्हा दोन्हीकडे पाहिलं. खडक, दुबेळकं. दरड, कळस. "इथं."

बाबारावने नांगराचा दगड सोडला. प्रेमदासने कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं. "एक झटका, दोर सोडा. दोन झटके, ओढा. जोरात ओढा. अन् तोंडानं काई बोलू नका, माह्या कानात पाणी असते." तो हसला, दगड पोटाशी धरला, एक मोठा श्वास घेतला आणि आवाज न करता खाली गेला.

यशोदा मोजू लागली. दोर तिच्या बोटांतून सरकत होता, मग थांबला. वीस. पंचवीस. पाण्यावर बुडबुडे आले आणि सरकत नदीच्या खालच्या अंगाला गेले. तीस. एक झटका. तिने दोर सोडला. दोर खाली जायला हवा होता, तो आडवा गेला, डोंग्याच्या बुडाखालून पलीकडे. ते तिला दिसलं, पण त्याचा अर्थ लागायला वेळ लागला. चाळीस. पंचेचाळीस.

मग पाण्याखालून आवाज आला. ठक. डोंग्याच्या लाकडातून तो तिच्या तळव्यांना कळला. खडकाला काहीतरी आपटत होतं.

"काका!"

"ओढ! ओढ पोरी!"

झटका आलाच नव्हता. ती ओढू लागली. दोर ताठ झाला आणि अडला. तिने पाय डोंग्याच्या कडेला लावून सगळं अंग मागे टाकलं. बाबाराव वल्हं सोडून चाचपडत तिच्यामागे आला, त्याचेही हात दोरावर पडले. साठ. बासष्ट. दोर एकदम ढिला झाला आणि ती गुडघ्यांवर पडली. फास रिकामा असेल, असं तिला वाटलं. तेवढ्या क्षणात परवाची सकाळ तिला पूर्ण कळली.

प्रेमदास डोंग्यापासून दोन हातांवर वर आला, तोंड उघडं, डोळे लाल. श्वासाचा आवाज माणसाचा वाटत नव्हता. ती वाकली आणि त्याचा हात धरला. खांद्यावरचं कातडं सोललं होतं, पाण्यात रक्ताचा धूर होत होता.

"छत," तो म्हणाला. "वर छत होतं, मास्तरीणबाई. पाणी नाई, दगड. अंधारात डोकं आपटत आलो मी." तो खोकला. "जागा चुकली तुमची."

डोंग्याच्या तळाशी गुडघ्यांवर, त्याचा हात दोन्ही हातांत धरून, तिने मदतीसाठी पाहावं तसं काठाकडे पाहिलं. दरड होती. दरडीवरचं वाळकं गवत होतं. कळस नव्हता.

ती पाहतच राहिली. मग अर्धी उठली. गवतामागून कळसाचं टोक निघालं. पूर्ण उठली. एक बोट. पुन्हा गुडघ्यांवर बसली. गेला.

"काका," ती म्हणाली, "मी उभी होते."

"मंग?"

"बा कधी उभं राहून जोडी लावत नव्हता. त्या जागेवर बसून लावायचा. मला तिथंच बसवायचा. उभं राहिलं की कळस लवकर दिसतो. आपण डोंग्याभर अलीकडे थांबलो. ती जोडी डोंग्याची नाही. त्या जागेची आहे."

तिघांनीही मागच्या टोकाकडे पाहिलं, धोतराच्या घडीकडे.

"नाई," बाबाराव म्हणाला. "पोरी, थे करू नको. मधीच खाली बसून पाह्य."

"मध्ये तळाशी बसलं तर फारच खाली होतं. जागा वर आहे, पाटावर. काका, अंदाजाने पुन्हा लावू मी? आणि यांना पुन्हा खाली पाठवू?"

"तुही माय काठावर हाय. थे पाहून राह्यली."

"माहीत आहे."

प्रेमदास डोंग्याची कड धरून पाण्यातच होता. त्याने फेसाकडे पाहिलं. फेस आता जाड झाला होता, पाण्याला चहासारखा रंग येत होता. "बाबाराव," तो हळू म्हणाला, "मी एकडाव जाईन. दोनडाव नाई. मले तीन लेकरं हायत. तुमी काय थे ठरवा."

यशोदाने गोटा उचलला. तो तिने पाण्यात टाकला नाही, डोंग्याच्या तळाशी ठेवला. धोतर उचललं, मांडीवर घेतलं आणि ती बापाच्या जागेवर बसली.

पाट त्याच्या बसण्याने खोलगट झाला होता. ती अंगाने त्याच्यासारखीच होती, उंच, लांब हाडांची. त्या खोलगट जागी तिचं शरीर बरोबर बसलं आणि त्याचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

काठावरून आवाज आला. आधी तिला तो कुठल्या जनावराचा वाटला. तिने तिकडे पाहिलं नाही. धुरपताचा पहिला हंबरडा पाण्यावरून आला, पलीकडच्या दरडीला लागून परत आला, आणि मग दुसरा. काठावरच्या बायकांनी तिला धरलं असावं. यशोदाने दात आवळले आणि बाभळीकडे पाहिलं.

"काका, नांगर काढा. पलीकडे. हळू. एक वल्हं."

डोंगा सरकला. दुबेळकं खडकाच्या मधून जरा ढळलं, ते तिने परत आणवलं. मग मान वळवली. काठाकडे पाहायचं म्हणजे आईकडे पाहायचं. तिने फक्त दरडीच्या वरची रेघ पाहिली. टोक. अर्धं. बोट लांब केलं. दुसऱ्या हाताने मनगट धरलं. एक.

"टाका."

नांगर गेला. प्रेमदासने दगड घेतला. दोर पुन्हा तिच्या हातात दिला आणि यावेळी काही विनोद केला नाही. तिच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं, जणू तिथे काही लिहिलेलं वाचायचं होतं.

"जातो," म्हणाला, आणि गेला.

दोर सरळ खाली गेला. तिने मोजायला सुरुवात केली आणि पंधराच्या पुढे आकडे विसरली. मास्तरीण असून विसरली. तिला एवढंच माहीत होतं की दोर सरळ आहे. दोन माणसं खोल, अडीच माणसं. एक झटका. सोडला. पुन्हा एक. पुन्हा सोडला. आतमध्ये. तो आतमध्ये गेला होता. दोर बोटांत जिवंत असल्यासारखा थरथरत होता आणि तिला कळेना की ती कशाची वाट पाहते आहे. सापडावा याची, की न सापडावा याची. तीन दिवस आईने भाकरी थापल्या होत्या. आपण आलो नसतो, तर अजूनही थापल्या असत्या.

दोन झटके.

ती ओढू लागली. दोर हलका येत होता. प्रेमदासचं डोकं डोंग्याच्या कडेलाच वर आलं. त्याने श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि तिच्याकडे न पाहता बाबारावकडे पाहून मान हलवली.

"हाय," तो म्हणाला. "जाळ्यात पाय हाय. बसलेला हाय, भिंतीले टेकून. दुसरा दोर द्या."

"तुम्ही म्हणाला होता एकदाच," यशोदा म्हणाली.

"म्हटलं होतं." तो दम घेत होता. खांद्याचं रक्त कोपरापर्यंत आलं होतं. "सापडला नसता तं एकडाव. आता त्याले तसंच ठेवून वर कसा बसू? द्या दोर. अन् बाई, तुमी उठू नका तिथून. हलूबी नका."

ती हलली नाही. तो कोयता दातात धरून गेला. यावेळी पाणी इतकं गढूळ होतं की हातभर खाली जाताच तो दिसेनासा झाला. तिने बाभूळ पाहिली, कळस पाहिला, बाभूळ पाहिली. ती नजर हटवेल तर जागाच सरकेल, असं तिला वाटत होतं. बाबाराव तोंडातल्या तोंडात महादेवाचं नाव घेत होता. पाण्याची ओढ नांगराच्या दोरीला लागू लागली, दोरी किर्र वाजली.

मग दोन्ही दोरांना एकदम झटके आले, आणि ते दोघं ओढू लागले. एक दोर जड होता. तो ओढताना बाबाराव हुंदके देत होता आणि म्हणत होता, "ये गड्या, ये, ये, ये," जसं काठावर जाळं ओढताना दोघं मिळून म्हणत.

रामाजी पालथा वर आला. यशोदाने आधी त्याची पाठ ओळखली.

डोंग्यात घेता आलं नसतं, डोंगा उलटला असता. प्रेमदासने त्याला दोराने कडेला बांधलं आणि पाणी तोंडावर येऊ नये म्हणून उताणं केलं, जसं पोहायला शिकवताना मुलाला करतात. यशोदाने पाण्यात हात घालून बापाचं मनगट धरलं. ते थंड होतं, पण पाण्याइतकंच थंड, त्याहून जास्त नाही. बाबाराव वल्हं मारू लागला. त्याला दिशा दिसत नव्हती. ती सांगत होती. "डावीकडे, काका. सरळ. सरळ."

मागे वळून पाहिलं तेव्हा वरच्या वळणावर लाल पाण्याची कड आली होती, काटक्या आणि फेस घेऊन, घाई नसल्यासारखी. रांजणाच्या जागेवर काही खूण नव्हती. पाणी सगळीकडे सारखं होतं.

काठावर बायका बाजूला झाल्या. धुरपता पाण्यात उतरली, कमरेपर्यंत आली. तिने डोंग्याचं टोक धरलं. ती आता रडत नव्हती, तिचा आवाज संपला होता. यशोदा पाटावरच बसून राहिली, मांडीवर धोतर घेऊन, आणि तिला वाटलं की आई आता आपल्याला मारेल. तिने मारावं, असंही वाटलं.

धुरपताने तिच्याकडे पाहिलं नाही. डोंग्याच्या कडेच्या दोराकडेही पाहिलं नाही. ती प्रेमदासकडे गेली. तो छातीभर पाण्यात उभा होता आणि हुडहुडी भरल्यासारखा कापत होता.

"दादा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुमचं रगत थांबलं नाई."

"थांबते, बाई."

"घरी हळद हाय. आधी थे लावा." तिने पदराचं टोक पिळलं आणि त्याच्या खांद्यावर दाबून धरलं. बराच वेळ धरलं. कोणी तिला घाई केली नाही. लाल पाणी तिच्या कमरेशी येऊन पोचलं तेव्हा तिने पदर सोडला, प्रेमदासचाच हात त्याच्या खांद्यावर ठेवून दिला, आणि मग वळून नवऱ्याच्या डोक्याखाली दोन्ही हात घातले.

"यशोदे," ती म्हणाली, "पाय धर."